निन्जा नेतेस तर

चि. मनूस,
अनेक आशीर्वाद.

दिवाळीला आलीस की माझी कावासाकी निन्जा मोटरसायकल घेऊन गोव्याला जायचं म्हणतेस. जा, माझी ना नाही. फोनवर तू सारखी पिकअपचं विचारत होतीस. 1043 सीसी, चार सिलिंडर, 142 पीएस. पिकअप कमी पडणार नाही. पण मी ही 1000एसएक्स घेतली ती त्यासाठी नाही. पुण्याहून निघून कोल्हापूरला उतरलं तरी मनगटं आणि कंबर शाबूत असते, पुढे जायची हौस उरते, म्हणून घेतली. हँडल निव्वळ स्पोर्ट बाइकसारखं खाली नाही. विंडस्क्रीन वर चढवली की छातीवर येणारा वारा तुटतो. सहाव्या गिअरला इंजिन शांत चालतं, खंबाटकीच्या चढालाही गिअर पाडावासा वाटत नाही.

तुला जपायचंय ते वजनाला. टाकी भरलेली असताना 238 किलो, म्हणजे तुझ्या रॉयल एनफिल्ड क्लासिक 350 पेक्षा चाळीसेक किलो जास्त. चालत्या गाडीत ते जाणवतही नाही. जाणवतं ते पेट्रोल पंपावर आणि ढाब्याच्या खडीवर. उताराकडे तोंड करून गाडी लावलीस तर मागे ढकलून काढताना तुझा घाम निघेल. लावण्याआधीच बाहेर कशी पडणार ते बघ. यू टर्नला मागचा ब्रेक हलका धर, क्लच अर्धा सोड, नजर जिकडे जायचं तिकडे. पुढच्या ब्रेकला त्या वेळी बोटही लावायचं नाही. हे सोसायटीच्या आवारात माझ्यासमोर करून दाखव, मगच किल्ली देईन. यात सूट नाही.

शहरात ती तापते. कात्रजच्या ट्रॅफिकमध्ये फॅन सुरू झाला की गरम हवा थेट पायांवर येते, जाड रायडिंग पँट घालूनच बस. पहाटे पाचला नीघ, म्हणजे तो त्रासच नको.

टायरमध्ये हवा पुढे 36, मागे 42 पीएसआय, गार असताना बघायची. मी हायवेला साधारण सतराचं ॲव्हरेज धरतो. टाकी 19 लिटरची असली तरी अडीचशे किलोमीटरला भरून घे. चेनला सहाशे किलोमीटरला लूब, म्हणजे वंगण, लागतं. गाडीला सेंटर स्टँड नाही, म्हणून जाताना मी मागचं चाक उचलणाऱ्या पॅडॉक स्टँडवर घेऊन करून देईन. येताना एखाद्या गॅरेजवाल्याला मागचं चाक उचलून धरायला सांग. इंजिन बंद ठेवून, चाक हातानं फिरवून मार. इंजिन चालू ठेवून चेनजवळ हात नेणारे लोक बोटं गमावतात, मनू.

कराडपासून पुढे उसाच्या ट्रॉल्या सुरू झालेल्या असतील. मागे ना दिवा, ना रिफ्लेक्टर. अंधारात त्या रस्त्यावर तू असू नयेस. ट्रॅक्टरच्या चाकांचा चिखल शेताच्या वळणाला डांबरावर पडलेला असतो, तिथे गाडी आडवी न करता सरळ काढ. पाऊस लागला तर रेन मोड टाक. पॉवर कमी होते, चाक घसरू न देणारं ट्रॅक्शन कंट्रोल जास्त लक्ष ठेवतं. पण त्या भरवशावर वेग वाढवू नकोस, टायर रस्त्याला धरतो तेवढंच खरं.

संकेश्वरहून आजऱ्यामार्गे आंबोलीचा रस्ता घे. या गाडीचं खरं सुख त्या वळणांत आहे, आणि ते तुला मिळावं असं मला फार वाटतं. मात्र आंबोलीत पोचेपर्यंत संध्याकाळ झाली किंवा धुकं उतरलं, तर घाट उतरू नकोस. वरच मुक्काम कर, खोलीचे पैसे मी पाठवतो.

तुझा,
बाबा