ब्रह्मा कोंबडी ऐन उन्हाळ्यात विकू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आमच्या सेलू-मानवत भागात आठवडी बाजारात आणि मोबाइलवर ब्रह्मा कोंबडीची पिल्लं जोडीच्या भावानं विकायला येऊ लागली आहेत. ‘आठ किलोचा कोंबडा, रोज अंडं, गावरानसारखीच काटक’ असं सांगून ती बचत गटातल्या बायकांच्या गळ्यात मारली जातात, आणि तीही ऐन चैत्र-वैशाखात. आमच्या परसात गावरानांच्या जोडीला ब्रह्मा बऱ्याच वर्षांपासून आहेत. मला हा पक्षी फार आवडतो आणि म्हणूनच हे पत्र लिहिते आहे. ब्रह्मा मराठवाड्यात जगते, चांगली जगते. पण तिच्या उन्हाळ्याची सोय आधी करावी लागते. विकणारा तेवढं सोडून बाकी सगळं सांगतो.

ही जात घडली अमेरिकेत. 1840 च्या दशकात शांघाय बंदरातून थोराड कोंबड्या जहाजानं तिकडं गेल्या. त्यांत आताच्या बांगलादेशातल्या चितगावकडच्या कोंबड्यांचं रक्त मिसळलं असं मानतात. 1874 साली तिथं कोंबड्यांच्या जातींचं पहिलं मानक छापलं, त्यात फिकट आणि गडद अशा दोन्ही ब्रह्मा आहेत. म्हणजे हा बर्फ पडणाऱ्या मुलखात नावारूपाला आलेला पक्षी. कोंबडीला घाम येत नाही. अंगातली उष्णता ती तुऱ्यातून, चोचीखालच्या लोंबत्या लाल कातडीतून, उघड्या पायांतून आणि धापा टाकून बाहेर काढते. आपल्या गावरान कोंबड्याचा तुरा बघा, केवढा मोठा आणि उभा, पाय उघडे, अंग हलकं. ब्रह्माचा तुरा बुटका, डोक्याला चिकटलेला, पायांवर पार बोटांपर्यंत पिसं आणि अंगावर पिसांची गोधडी. थंडीत हे सगळं तिच्या कामाचं, पण परभणीचा पारा 43-44 वर गेला की तेच तिच्या जिवावर उठतं.

मे महिन्यात दुपारी बाराच्या पुढं आमच्या लिंबाखाली येऊन कुणीही बघावं. गावरान कोंबड्या पालापाचोळा उकरत असतात आणि ब्रह्मा चोच उघडी टाकून, पंख अंगापासून सुटे धरून उभी असते, गळा सारखा लकलकत असतो. तेव्हा तिला पळवू नये, धरू नये. मी परातीत बोटं बुडतील एवढंच गार पाणी ओतून सावलीत ठेवते. ती आपण होऊन त्यात जाऊन उभी राहते आणि थोड्या वेळानं चोच मिटते. दाणा सकाळी उजाडताना आणि ऊन उतरल्यावरच टाकते, कारण खाल्लेलं पचतानाही अंगात उष्णता होते. पिण्याचं पाणी मातीच्या भांड्यात आणि दोन-तीन ठिकाणी, नाहीतर एकच दांडगा कोंबडा पाण्यावर पहारा देत बसतो. खुराड्याचे पत्रे तापतात, म्हणून त्यावर पऱ्हाट्यांचा जाड थर टाकतो आणि भिंतीच्या जागी जाळी ठेवून तिच्यावर ओलं गोणपाट सोडतो. यातलं काहीच महागडं नाही. पण जिच्याकडं दुपारी घरी कुणी नसतं, सगळे कापसाच्या रानात असतात, तिनं ब्रह्मा घेऊ नये असं मी स्पष्ट सांगते.

उन्हाळा काढला की पावसाळा. आपली काळी माती पायांच्या पिसांना चिकटते, वाळून तिचे गोळे होतात आणि बोटं आवळली जातात. तो गोळा ओढून काढला तर पिसाबरोबर कातडी येते. कोमट पाण्यात पाय भिजवून, माती मऊ करून हलक्या हातानं सोडवावी लागते. खुराड्यापुढं मुरूम टाकला की हा त्रास पुष्कळ कमी होतो. पायांचे खवले उचललेले, खरखरीत दिसू लागले तर खाली बारीक किडे शिरलेले असतात. पाय धुऊन, कोरडे करून खोबरेल तेल चोपडत राहावं. पिसांमुळं हे लवकर दिसत नाही, म्हणून आठवड्यातून एकदा कोंबडी मांडीवर घेऊन पाय बघायचे. ती बसतेही शांत. आमची नात एवढीशी होती तेव्हापासून या कोंबड्या उचलून फिरते, एकीनंही कधी चोच मारली नाही. जड असल्यानं उडत नाहीत, कमरेएवढं कुंपण पुरतं. बसायची काठी मात्र हातभर उंचीचीच हवी, वरून उडी मारली की तळपायाला गाठ होते.

आता वजनाचं आणि अंड्यांचं. अमेरिकेच्या मानकातसुद्धा कोंबडा साडेपाच किलोच्या आसपास आणि कोंबडी सव्वाचार किलो. मग आठ किलो आले कुठून? तलंग, म्हणजे अजून अंडी न घालणारी तरणी कोंबडी, अंड्यावर यायला सहा-सात महिने, कधी जास्तच लागतात. पुढं आठवड्याला तीन-चार अंडी, तीही हिवाळ्यात. खाणं गावरानपेक्षा पुष्कळ जास्त. अंडी विकून घर चालवायचं असेल तर वनराजा, गिरिराज या जाती परसासाठीच तयार केल्या आहेत, त्या घ्याव्यात. ब्रह्मा हौसेनं पाळावी, कळपात एखाद-दुसरी जोडी. तिची अंडी मी खुडूक गावरान कोंबडीखाली रवणीला ठेवते, कारण ब्रह्मा स्वतः बसली की वजनानं अंडी फुटतात. एक मात्र बघावं, ब्रह्मा कोंबडा लहान गावरान कोंबड्यांत मोकळा सोडू नये, त्यांच्या पाठी सोलून निघतात.

शेवटचा मुद्दा रोगाचा. जानेवारी 2021 मध्ये परभणीजवळच्या मुरुंब्यात बर्ड फ्लू निघाला, तेव्हा एक किलोमीटरच्या आतले पक्षी मारावे लागले. ज्यांच्या कोंबड्या धडधाकट होत्या त्यांच्याही गेल्या. खोक्यात कोंबून, ट्रॅव्हल्सच्या डिकीतून, कुठल्या कळपातली आहेत ते न सांगता आलेली पिल्लं आपण सरळ परसात सोडतो, तेव्हा शेजारणीच्या कोंबड्याही पणाला लावतो. नवा पक्षी दोन-तीन आठवडे वेगळा ठेवावा. मानमोडीची (राणीखेत रोगाची) लस, म्हणजे लासोटाचा थेंब, पहिल्या आठवड्यात दिला का, हे विचारल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

परभणी आणि उदगीर दोन्हीकडं पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत. तिथल्या तज्ज्ञांनी अशा बाहेरून आलेल्या जड जातींच्या उन्हाळ्यातल्या संगोपनावर साध्या मराठीत एक पानभर माहिती काढावी आणि ती पशुसंवर्धन खात्याच्या प्रत्येक दवाखान्यात लावावी. आपणही ती होळीच्या आधी छापावी. विकणाऱ्यांना माझी विनंती एवढीच, की फाल्गुन ते ज्येष्ठ ब्रह्माची पिल्लं विकू नका. दिवाळीनंतर द्या, म्हणजे पुढच्या उन्हाळ्यापर्यंत पिल्लू अंगानं भरतं आणि घेणाऱ्या बाईलाही सावली करायला वेळ मिळतो. आमच्याकडची पिल्लं मी तेव्हाच देते, आणि आधी तिचं खुराडं बघून येते.

आपली,
एक वाचक, सेलू (जि. परभणी)