मुनवे ठेवलेत तुझ्यासाठी

वसई,
१० ऑक्टोबर २०२१

प्रिय मित्रा,

गुरुवारी घटस्थापनेला राज्यातली देवळं, मशिदी, चर्च सगळी पुन्हा उघडली. आमच्याकडे ७ ऑक्टोबर हा रोझरी मातेचा सण. एप्रिलनंतर पहिल्यांदाच आई चर्चमध्ये मिस्साच्या उपासनेला आली. परतताना वाडीत शिरलो आणि तुझी आठवण झाली, म्हणून फोन न करता लिहायलाच बसलो.

मे महिन्यात वादळानंतर तू विचारलं होतंस, "तुमच्या केळीच्या वाड्या झोपल्या, तेव्हा तुझा देव कुठे होता रे?" तो टोमणा नव्हता, जीव तुटत होता तुझा. मला काही बोलता आलं नाही. मग २२ जुलैला वाशिष्ठी नदीचा पूर तुझ्या घरात शिरला आणि तोच प्रश्न मी तुझ्यासाठी विचारत राहिलो.

१७ मेला तौक्ते वादळ समुद्रातूनच गुजरातकडे गेलं, तरी त्याच्या वाऱ्याने आमची राजेळी केळी आडवी केली. घड कोवळे होते. ना पिकणार, ना सुकवून त्यांची सुकेळी होणार. आई पडलेल्या केळींमधून नुसती फिरत होती, एकेका घडावर हात ठेवत.

मे हा मरियामातेचा महिना. एरवी संध्याकाळी नाक्यावरच्या क्रुसापाशी आळी जमते. कोरोनामुळे जमायला बंदी होती. त्यात वीज गेलेली, मोबाइल बंद पडलेले. त्या मिट्ट काळोखात शेजारच्या आत्याने आपल्या ओट्यावरूनच रोझरीच्या जपमाळेतलं 'नमो मरिये' सुरू केलं. समोरच्या ओट्यावरून उत्तर आलं, मग पलीकडून, मग पार विहिरीकडच्या घरातून. कुणाचं तोंड दिसत नव्हतं, पण आवाजावरून कोण ते कळत होतं. आळीतल्या दोघांना त्या महिन्यात कोरोनाने नेलं होतं, त्यांची नावंही अशीच अंधारात घेतली. सहा रात्री वीज नव्हती, सहाही रात्री रोझरी चुकली नाही.

आणि वादळाच्या दुसऱ्या दिवशी उजाडताच शेजारच्या वाडवळ समाजाची पोरं कोयते-करवती घेऊन आली, आमच्या वाटेवर पडलेला आंबा तोडायला. कुणी बोलावलं नव्हतं.

तुझा प्रश्न शुक्रवारी क्रुसावर प्रभू येशूनेही विचारला होता, माझा त्याग का केलास म्हणून. त्याला तिथे उत्तर मिळालं नाही. रविवारच्या पहाटे तो मरणातून उठला, हे मी जिवापाड मानतो. पण मधे एक शनिवार जातो रे, काहीच न घडणारा. या वर्षी तू आणि मी त्या शनिवारात आहोत. देव तिथेही असतो, हे मला त्या काळोखातल्या आवाजांनी पटवलं. याहून जास्त मला सांगता येणार नाही.

बाबांनी मोडलेले बुंधे जमिनीलगत छाटले. पावसाच्या पहिल्या सरींनंतर त्यांच्या कडेने मुनवे, म्हणजे केळीची पिल्लं, फुटले, तलवारीसारख्या अरुंद पानांचे. आईने दर बुंध्याशी एक जोमदार तेवढा राखला. आता ते माझ्या छातीला लागतात. घड धरायला अजून अवकाश आहे.

तुझ्या परड्यात पुराचा गाळ साचलाय म्हणालास. केळीला ती माती मानवते. दिवाळीनंतर काकूंना घेऊन ये. बाजूला वीसेक मुनवे ठेवलेत, पोत्यात ओले बांधून देतो.

तुझाच,
दोस्त