म्हापशाच्या पेंटर मेस्त्रींना, देव बरें करूं

मेस्त्री, नमस्कार.

तुमचं नाव इथे टाकत नाही, कारण परवा फोटो काढायला मोबाईल वर केला तर तुम्ही कळकट हाताने तोंड झाकलंत आणि म्हणालात "म्हाका नाका ती पब्लिसिटी". ठीक आहे, नाव नाही, फोटो नाही. पण आभार तर मानू द्याल? तोंडावर मानायला गेलो की तुम्ही लगेच ग्राइंडर चालू करता, म्हणून लिहितोय, तुमचा मुलगा मोबाईलवर असतोच दिवसभर, तो दाखवेल वाचून.

दसऱ्याला गाडी घेतली. गडद निळी. पांढरी घे, पांढरी घे म्हणून सगळा वाडा सांगत होता पण आपल्याला निळीच पायजे होती. शोरूमवाला डिलिव्हरीच्या आधीच रंग जपायच्या कोटिंगच्या मागे लागला, पाच आकडी रक्कम, आता नाही केलं तर पेंट गेला म्हणून समजा अशा थाटात. तेव्हा नाही म्हटलं आणि घरी येऊन पंधरा दिवस व्हिडिओ बघत बसलो, झोप उडाली. त्यात डिसेंबरच्या सुट्टीत आईला पंढरपूर, अक्कलकोट, तुळजापूर करून आणायचं ठरलेलं. म्हणजे आंबोलीचा घाट, हायवेची कामं, उसाचे ट्रॅक्टर, आणि येताना चोर्ला. निघायच्या आठवडाभर आधी पैसे खिशात घालूनच तुमच्या शेडमध्ये आलो की मेस्त्री, काय ते कोटिंग करून टाका.

तुम्ही गाडीभोवती एक फेरी मारलीत आणि पहिला प्रश्न काय, तर "पयशे चड जाल्यात?" म्हणजे पैसे जास्त झालेत का?

खरं सांगू, मला रागच आला होता. पण मग तुम्ही ड्रॉवरमधून ते रंगाची जाडी मोजायचं छोटं मीटर काढलंत आणि बोनेटवर चार ठिकाणी टेकवून दाखवलंत. ११२, ११८, ११५, १२०. मायक्रॉन. हे म्हणजे किती विचारलं तर तुम्ही बिलबुकातलं पान माझ्या हातात दिलंत, म्हणालात झेरॉक्सच्या कागदाची जाडी शंभरच्या आसपास, म्हणजे तुझ्या लाखोंच्या गाडीचा सगळा रंग मिळून एका कागदाएवढा, आणि त्यात वरचा चकाकणारा क्लिअर कोट चाळीस-पन्नासच. खाली प्रायमर, मध्ये रंग, वर तो क्लिअर कोट. तो संपला की चमक संपली, आणि प्रत्येक वेळी रबिंग-पॉलिश करतात तेव्हा त्यातलाच थोडा घासून काढतात. सर्व्हिसिंगला फुकट पॉलिश करून देऊ म्हणाले तर हात जोडायचे आणि नको म्हणायचं, हे तुमचे शब्द. मी तर त्या फुकटावर खूश होतो हो.

नवीन गाडीला महिनाभर काही लावायचं नाही, पेंट कच्चा असतो, असं मला तीन जणांनी सांगितलेलं. ते तुमच्यासारख्या शेडमध्ये मारलेल्या रंगासाठी, असं तुम्ही समजावलंत. कंपनीत बॉडी उघडी असताना १४० डिग्रीच्या आसपास भाजून काढतात, ती बाहेर येते तेव्हा पक्कीच असते. तुमच्याकडे रंगवताना सीट, वायर, प्लास्टिक सगळं आत असतं म्हणून इतकी उष्णता देता येत नाही, म्हणून वेळ द्यावा लागतो. आमच्या वाड्यावरच्या एक्स्पर्टांना हे सांगितलं तर कोणी ऐकून घेईना, जाऊदे.

आणि मग कोटिंगचं, तुमच्याच शब्दांत. सिरॅमिक म्हणजे एक-दोन मायक्रॉनचा काचेसारखा थर, पाणी मोत्यासारखं घरंगळतं, धुवायला सोपं पडतं, पण खडा आला तर तो थर काय अडवणार? खडा अडवायचा तर पीपीएफ, म्हणजे पेंट प्रोटेक्शन फिल्म, ती जाड फिल्म, दीड-दोनशे मायक्रॉनची, म्हणजे आख्ख्या रंगापेक्षा जाड, रबरासारखी असते म्हणून मार खाऊन परत जागेवर येते. पण स्वस्तातली पीव्हीसीची घेतलीस तर पिवळी पडेल, आणि चांगली घ्यायची तर आख्ख्या गाडीला कशाला, पुढचा बोनेट, बंपर, आरसे पुरे. ते काम मी करत नाही, करायचं तर पर्वरीला जा, पण या एका ट्रिपसाठी मला विचारशील तर वीस-तीस हजार देवाच्या दारात खर्च कर. समोर पैसे घेऊन उभा असलेल्या माणसाला असं सांगणारे किती जण असतील हो?

मग तुम्ही मास्किंग टेपचे दोन रोल दिलेत. रंगवताना काचेला लावता तोच, दोन इंची. आधी गाडी धुवायची, धुळीवर टेप लावली तर धूळच आत दाबून घासणार. बोनेटची पुढची कड, बंपरचा वरचा भाग, आरशांच्या पाठी, आणि पुढच्या चाकांच्या मागची पट्टी, कारण आपलंच चाक खडी उडवून आपल्याच दारावर मारतं. त्यासाठी मडफ्लॅपही तुम्हीच बसवलेत. ग्रिल बंद करायची नाही, हवा लागते इंजिनाला. नंबरप्लेट आणि दिवे सोडून. आणि मुक्कामाला पोचलं की त्याच दिवशी सावलीत टेप काढायची, हळू, उलटी दुमडत, नाहीतर उन्हात गोंद भाजून चिकटला की रंगापेक्षा गोंद काढणं जास्त कठीण.

निघालो तेव्हा बायको म्हणाली गाडी ॲक्सिडेंट होऊन हॉस्पिटलमधून आल्यासारखी दिसते. पत्रादेवीच्या चेकनाक्यावर डिकी उघडून बघणाऱ्या पोलिसानेही दारू राहिली बाजूला, आधी "हे काय झालं?" म्हणूनच विचारलं. आई तर मागच्या सीटवर बसून "नवी गाडी, पट्ट्या मारून नेतोय देवाकडे" करत होती. मी गप्प. तुम्ही सांगितलेलं मनात घोळवत होतो की ८० वरून १०० ला गेलास तर काट्यावर वीसचाच फरक दिसतो पण समोरून येणाऱ्या खड्याचा मार दीडपट बसतो, आणि टिपरच्या मागे चिकटायचं नाही, एक तर लांब राहा नाहीतर झटक्यात पुढे जा.

सावंतवाडी, आंबोली, आजरा, गडहिंग्लज एकदम मस्त गेलं, धुकं होतं, पोरांना मजा. मग हायवेला लागलो आणि कागलच्या आसपास रस्त्याचं काम, डायव्हर्जन, सगळीकडे खडी. एक डंपर डायव्हर्जनमधून आमच्या पुढे घुसला आणि टक् टक् टक्, पोटात गोळाच आला. पुढे चहाला थांबलो तेव्हा बघितलं, बोनेटच्या कडेच्या टेपला तीन ठिकाणी भोकं पडलेली, सोलून बघितलं तर खाली रंग तसाच, नखालाही काही लागत नव्हतं. चौथा खडा मात्र टेपच्या वर दोन बोटांवर बसलेला, मोहरीएवढा रंग उडून पांढरा प्रायमर दिसत होता. बायको तेव्हापासून टेपवर काही बोलली नाही.

आता कबुली. इतकं सगळं सांगून तुम्ही शेवटी काय बजावलेलं? "रस्त्यान मोडना, ती आमच्या हातान मोडता". कोरड्या फडक्याने पुसायचं नाही. आपल्याकडची लाल धूळ म्हणजे लोखंडाचा दगड, खाणीच्या रस्त्यावरचा, तो फडक्यात अडकला की पॉलिश पेपर झालाच. हे सगळं डोक्यात पक्कं होतं. आणि पंढरपूरला पहिल्या सकाळी भक्तनिवासाच्या बाहेर येऊन बघतो तर पार्किंगमधला एक पोरगा खांद्यावरचं फडकं घेऊन ओळीने सगळ्या गाड्या पुसत येतोय, आधी जीप, मग मोटरसायकल, मग त्याच फडक्याने आमची. मी धावत जाऊन त्याला थांबवलं, दहा रुपये न पुसण्यासाठी दिले, तो हसला. आणि पाच मिनिटांनी मीच काय केलं, दारावर धूळ दिसली म्हणून गळ्यातल्या टॉवेलने सटासट पुसलं! सवय हो. डाव्या दारावर उन्हात ती बारीक ओरखड्यांची गोल गोल जाळी दिसते, ती पोराची नाही, माझी आहे. तुम्हाला परवा दारावर हात फिरवताना कळलंच असणार, पण तुम्ही काही बोलला नाहीत.

अक्कलकोटला गाडी सावलीत म्हणून झाडाखाली लावली आणि दर्शन घेऊन येईपर्यंत छपरावर पक्ष्यांचा प्रसाद. पण यावेळी शहाणपणा केला. ते पांढरं म्हणजे युरिक ॲसिड, उन्हाने क्लिअर कोट मऊ पडतो तेव्हा ते आत खातं आणि मग डाग धुऊन जात नाही, म्हणून तासात काढायचं, पण खरवडायचं नाही. तुम्ही दिलेलं मायक्रोफायबर बाटलीच्या पाण्यात भिजवून दहा मिनिटं नुसतं वर ठेवलं, मग उचललं, सगळं त्यासोबत आलं. बंपरवरच्या किड्यांनाही तेच औषध. संध्याकाळी उसाच्या पट्ट्यातून जाताना इतके किडे की वायपर चालवायची सोय नाही.

तुळजापूरला मात्र आईसमोर माझं काही चालणार नव्हतं. हळदकुंकू घेतलं, झेंडूचा हार घेतला, आणि बोनेटवर स्वस्तिक काढायला निघाली. मी तुमचं वाक्य टाकलं, "काचेवर काढलं तरी देवाला दिसतं". आई दोन मिनिटं माझ्याकडे बघत राहिली आणि काचेच्या कोपऱ्यात काढलं, चक्क! हार पण बोनेटवर नाही बांधू दिला, त्याची सुतळीची गाठ वाऱ्यात आपटून आपटून रेघा मारते, तो हार आत आरशाला लावला. मेस्त्री, गाडीच्या पेंटपेक्षा हे तुमचं मोठं काम. आमच्या आईला पटवणं म्हणजे.

येताना सोलापुरात धुऊन घेतली ती चूकच झाली, बोअरचं जड पाणी, भर दुपारी, गाडीवरच वाळलं, सगळीकडे पांढरे ठिपके. तुम्हाला फोन केला तर तुम्ही जेवत होता, तरी सांगितलंत, साधं पांढरं व्हिनेगर अर्ध्या पाण्यात, सावलीत, गार बोनेटवर, पुसून लगेच स्वच्छ पाणी. बेळगावला पाहुण्यांच्या अंगणात ते केलं, गेले ठिपके. तिथेच परतीची टेप लावली. चोर्ल्याला ताज्या डांबराचे शिंतोडे दारांच्या खाली बसले, ते घरी खोबरेल लावून तासभर ठेवलं, मऊ पडले, पुसले, मग शाम्पूने तेल काढलं. केसांना, पोळ्यांना आणि आता डांबरालाही तेच तेल, आई म्हणाली माझी बाटली परत दे.

परवा आलो तो त्या मोहरीसाठी. बोनेट पत्र्याचा आहे, बंपरसारखा प्लास्टिकचा नाही, समुद्राची हवा लागली की आत गंज धरेल, उशीर करू नको असं तुम्ही फोनवरच म्हणाला होता. स्टिकरवरचा रंगाचा कोड बघून रंग आणलात, जागा साफ केलीत, आणि टूथपिकच्या टोकाने एक थेंब. मग तासभर थांबून दुसरा. मग क्लिअर. मी मध्ये दोन चहा प्यालो. मला वाटलेलं आख्खा बोनेट रंगवायला लागणार, आणि दुसऱ्या ठिकाणी दाखवलं असतं तर रंगवलाही असता, कंपनीचा भाजलेला रंग खरवडून, एका मोहरीसाठी.

पैसे विचारले तर म्हणालात पंढरपूरचा प्रसाद दे. चुरमुरे-बत्तासे घेतलेत, बुक्का कपाळाला लावलात, आणि लगेच ग्राइंडर चालू.

घरात सासऱ्यांनी हौसेने गाडीचं कव्हर आणून ठेवलंय, धुळीच्या गाडीवर घालणार नाही हे त्यांना कसं सांगायचं ते अजून सुचलेलं नाही, त्यांना एकदा तुमच्याकडेच घेऊन येतो. तुमचं निळं मायक्रोफायबर माझ्याकडेच राहिलंय. वेगळ्या बादलीत धुतलंय, रविवारी आणून देतो.

देव बरें करूं, मेस्त्री.

तुमचा,
डाव्या दारावर जाळी असलेला निळ्या गाडीवाला