सर्टिफिकेटची मुदत

प्रिय मंदार,
स. न. वि. वि.

सिस्कोच्या सीसीएनए या नेटवर्किंगच्या सर्टिफिकेटची मुदत संपत आली, आता पुन्हा परीक्षा द्यायची की सगळं सोडून द्यायचं, असं तू विचारलंस. वर चिडून लिहिलंस, "डॉक्टरची डिग्री कधी एक्स्पायर होते का?" डिग्री होत नाही रे, पण प्रॅक्टिसच्या नोंदणीचं नूतनीकरण बऱ्याच ठिकाणी करावंच लागतं. तेव्हा ते उदाहरण तुझ्यावरच उलटेल.

तुझा राग मात्र कळतो. कॉम्पटिया या परीक्षा घेणाऱ्या संस्थेची ए प्लस, नेटवर्क प्लस, सिक्युरिटी प्लस ही सर्टिफिकेट एकेकाळी तहहयात होती. २०१० च्या सुरुवातीला त्यांनी जुन्या लोकांनाही मुदत लावायचं जाहीर केलं. लोक असे भडकले की निर्णय फिरवावा लागला. मग जुन्यांचं तसंच राहिलं आणि २०११ पासून पास होणाऱ्यांना तीन वर्षांची मुदत लागली. आता डिसेंबरात पास झालेल्याचं ज्ञान जानेवारीत पास झालेल्यापेक्षा टिकाऊ कसं, हे कोणी सांगावं!

तरीही मुदतीमागचं कारण खोटं नाही. पासवर्डचंच घे. ठरावीक दिवसांनी तो बदलायला लावायचा, हे आपण सगळ्यांनी ब्रह्मवाक्य मानलं होतं. २०१७ मध्ये अमेरिकेतल्या निस्ट या मानकं ठरवणाऱ्या संस्थेनेच सांगितलं, की पासवर्ड फुटल्याचा काही पुरावा नसेल तर उगाच बदलायला लावू नका. लोक काय करतात? शेवटचा आकडा एकाने वाढवतात आणि मोकळे होतात. इंटरनेटवरून जाणारा डेटा गुप्त ठेवणाऱ्या टीएलएस या पद्धतीच्या १.० आणि १.१ या आवृत्त्यासुद्धा मार्च २०२१ मध्ये अधिकृतपणे मोडीत निघाल्या. जो त्याआधी शिकला आणि तिथेच थांबला, तो आज चुकीची गोष्ट छातीठोकपणे करेल, आणि भोगतील ज्यांचा डेटा त्याच्या हाती आहे ते. म्हणून सुरक्षेच्या सर्टिफिकेटला मुदत हवीच, यावर मी तुझ्याशी भांडायला तयार आहे.

पण सबनेटिंग, म्हणजे मोठ्या नेटवर्कचे छोटे भाग पाडायचं गणित, कुठे शिळं होतं? ज्याला ते एकदा नीट कळलं, त्याची त्यावर पुन्हा परीक्षा घेऊन काय साधतं? मायक्रोसॉफ्टने हा भेद थोडाफार ओळखलाय. त्यांची फंडामेंटल्सची, म्हणजे पायाभूत सर्टिफिकेट संपत नाहीत. वरच्या दर्जाची वर्षभरातच संपतात, हे ऐकून पहिल्यांदा कपाळाला आठ्या पडतात. पण रिन्यूअलची चाचणी फुकट, घरबसल्या, पुस्तक उघडं ठेवून देता येते, आणि रोख नव्या बदलांवर असतो. मला हीच पद्धत सगळ्यांत शहाणपणाची वाटते.

खरी चीड मला क्रेडिटच्या, म्हणजे शिकत राहिल्याबद्दल मिळणाऱ्या गुणांच्या हिशेबाची येते. सीआयएसएसपी या सुरक्षेच्या सर्टिफिकेटला तीन वर्षांत १२० क्रेडिट जमवायचे, शिवाय दरवर्षी फी. कागदावर छान दिसतं. प्रत्यक्षात लोक वेबिनार लावतात, आवाज बंद करतात, आपलं काम करत बसतात आणि एक तास जमा! डिसेंबर २०२१ मध्ये लॉगफोरजे या असंख्य प्रोग्रॅममध्ये वापरल्या जाणाऱ्या सॉफ्टवेअरमधलं सुरक्षेचं भोक बुजवायला जे रात्ररात्र जागले, ते त्यातून कितीतरी जास्त शिकले असतील. पण रोजच्या नोकरीचं काम क्रेडिटात धरत नाहीत. आणि डम्प्स, म्हणजे परीक्षेतून फुटलेले प्रश्न, पाठ करून पास होणारा? तो तीन वर्षांनी नवे डम्प्स पाठ करेल, त्याचं काय अडलंय?

फीचं म्हणशील, तर ती कंपनीकडून माग. लेखी माग. टेंडरमध्ये आणि सिस्कोसारख्यांकडून पार्टनरचा दर्जा मिळवताना सर्टिफाइड माणसांची संख्या तेच दाखवतात. कंत्राट त्यांचं आणि भुर्दंड तुला, हे का चालवून घ्यायचं? अभ्यासासाठी कामाच्या वेळातले तासही माग.

आता तुझ्या प्रश्नाचं. सोडू नकोस, पण तीच परीक्षाही पुन्हा देऊ नकोस. सिस्कोचीच त्यावरच्या, प्रोफेशनल दर्जाची एक कॉन्सन्ट्रेशन (एका ठरावीक विषयावरची) परीक्षा पास झालास तरी सीसीएनए तीन वर्षांनी पुढे सरकतं. नाहीतर ३० क्रेडिट जमवूनही भागतं, पण तो मार्ग तुझ्यासारख्याला कंटाळवाणा होईल. ऑटोमेशनचं काम तू करतोच आहेस, त्यातली परीक्षा बघ. फक्त मुदतीच्या आत दे. एकदा तारीख उलटली की सगळं पहिल्यापासून.

काय ठरवतोस ते कळव. घरी सर्वांना नमस्कार.

तुझा,
नितीन