एचपीव्ही म्हणजे प्रत्येक वेळी कॅन्सर नाही

मा. संपादक,
स.न.वि.वि.

एचपीव्हीबद्दल, म्हणजे ह्यूमन पॅपिलोमा व्हायरसबद्दल, पेपरात काहीही छापून आलं की सोबत कॅन्सर हा शब्द असतोच. त्यात खोटं काही नाही, गर्भाशयमुखाच्या कॅन्सरमागे हा व्हायरस आहे हे शोधून काढल्याबद्दल हाराल्ड त्सूर हाउझेन यांना 2008 चं नोबेल मिळालं, आणि टॉन्सिल आणि जिभेच्या मुळाशी होणाऱ्या कॅन्सरशीही त्याच्या टाइप 16 चा संबंध आहे. पण ह्याच व्हायरसचे काही टाइप तोंडात अगदी साध्या, कॅन्सर नसलेल्या गाठी करतात हे कुणी छापतच नाही, आणि त्याचे परिणाम मी रोज बघते. तोंडातून काढलेल्या गाठी मायक्रोस्कोपखाली बघून रिपोर्ट लिहिणं हे माझं काम. मी 'स्क्वेमस पॅपिलोमा', म्हणजे अशीच एक साधी गाठ, असं लिहिते, पेशंट घरी जाऊन ते नाव मोबाइलवर शोधतो, तिथे एचपीव्ही दिसतो, त्याच्या खाली कॅन्सर दिसतो, आणि रात्रभर झोप उडते. त्याहून वाईट म्हणजे नवरा-बायकोत संशय सुरू होतो. हे थांबायला हवं असं मला मनापासून वाटतं म्हणून लिहितेय.

एचपीव्हीचे 200 हून जास्त टाइप आहेत आणि प्रत्येकाचं काम वेगळं. तोंडातला पॅपिलोमा होतो तो मुख्यतः 6 आणि 11 मुळे. हाताबोटांवर येणारे चामखीळ 2 आणि 4 चे, तेच कधीकधी ओठांवर येतात. 13 आणि 32 मुळे ओठाच्या आणि गालाच्या आतल्या बाजूला मऊ, चपट्या अशा बऱ्याच गाठी येतात, त्याला हेक्स डिसीज म्हणतात, तो लहान मुलांमध्ये जास्त दिसतो आणि पुष्कळदा आपला आपणच जातो. आता 6 चा काही 16 होत नाही! पॅपिलोमाला आम्ही कॅन्सरची पहिली पायरी मानत नाही. कॅन्सरवाले टाइप पेशीची वाढ रोखणारे ब्रेक निकामी करतात आणि बरेचदा स्वतःचा डीएनए पेशीच्या डीएनएत घुसवतात, 6 आणि 11 ला ते तितकं जमत नाही, ते पेशींना नुसतं जास्त वाढायला लावतात.

दिसायला पॅपिलोमा फ्लॉवरच्या छोट्या तुऱ्यासारखा असतो, पांढरट किंवा गुलाबी, बारीक देठावर, बहुतेक वेळा एक सेंटिमीटरपेक्षा लहान आणि अजिबात न दुखणारा. टाळूच्या मागच्या मऊ भागावर, पडजिभेवर, जिभेवर, ओठांवर. स्लाइडवर बघितलं तर बोटांसारखे फाटे दिसतात, प्रत्येक बोटाच्या मधोमध रक्तवाहिन्यांची बारीक दांडी, आणि वरच्या थरात काही पेशींचं केंद्रक सुकून सुरकुतलेलं आणि त्याच्याभोवती रिकामी पांढरी जागा. ह्या पेशी म्हणजे व्हायरसची खूण, पण त्या दरवेळी दिसतातच असं नाही, आणि प्रत्येक पॅपिलोमात टेस्ट केल्यावर एचपीव्ही सापडतोच असंही नाही.

आता संशयाचं. हा व्हायरस बारीक खरचटलेल्या जागेतून आत शिरतो, मग लगेच काही दिसत नाही, महिनेच्या महिने, कधी वर्षानुवर्षं गप्प बसून राहू शकतो. लैंगिक संबंधातून येतो, ओरल सेक्समधून येतो हे खरं, पण बोटावर चामखीळ असलेलं मूल नखं खातं तेव्हाही तो तोंडात जातो, आणि बाळंतपणात आईकडून बाळाला मिळू शकतो. कॉन्डिलोमा नावाचा एचपीव्हीच्या गाठीचा प्रकार बहुतेक वेळा लैंगिक संबंधातून येतो, तेही मी लपवणार नाही, डॉक्टरशी मोकळेपणाने बोलावं. पण एका पॅपिलोमाच्या रिपोर्टवरून तो कधी आला आणि कुणाकडून आला हे जगातला कुठलाच पॅथॉलॉजिस्ट सांगू शकत नाही, त्यामुळे त्या कागदावरून जोडीदाराला जाब विचारणं हा निव्वळ अन्याय आहे.

ह्याचा अर्थ गाठीकडे दुर्लक्ष करा असा नाही हां. तोंडातली प्रत्येक गाठ पॅपिलोमा नसते, गाल सारखा चावला जाऊन झालेली फायब्रोमाची गाठ असते, तिचा एचपीव्हीशी संबंधच नाही, आणि तंबाखू खाणाऱ्यांमध्ये व्हेरुकस कार्सिनोमा नावाचा कॅन्सर सुरुवातीला असाच चामखिळीसारखा दिसतो. नुसतं बघून ठरवता येत नाही. म्हणून दोरा बांधून किंवा कसलं तरी औषध लावून ती जाळू नका, मुळासकट काढून घ्या आणि तपासायला पाठवा. नीट काढली तर सहसा परत येत नाही. खूप गाठी असतील किंवा परत परत येत असतील तर मात्र प्रतिकारशक्तीची तपासणी करून घ्यावी, एचआयव्ही धरून. आणि दोन आठवड्यांत न भरणारी जखम, कडक लागणारी गाठ, रक्त येणं, मानेत गोळा, ह्यांत तर वाटच बघू नका.

माझ्या डेंटिस्ट मित्रमैत्रिणींनाही सांगायचंय, लेझरने सगळंच जाळून टाकलंत तर मी बघू काय? आणि तुकडा पाठवाल तो 10 टक्के फॉर्मालिनमध्ये, भरपूर घेऊन. टिश्यू पेपरात गुंडाळून वाळलेला तुकडा येतो तेव्हा त्यातल्या पेशी आक्रसलेल्या असतात आणि पेशंटला परत टेबलावर झोपवावं लागतं, फार वाईट वाटतं.

लसीबद्दल एकच, 2006 मध्ये आलेल्या चार टाइपच्या लसीत कॅन्सरवाल्या 16 आणि 18 सोबत 6 आणि 11 सुद्धा होते, म्हणजे ह्या साध्या गाठींमागचे टाइपही तिच्यात आहेत. पण आधीच आलेला पॅपिलोमा लस घेऊन जात नाही, ती संसर्गाच्या आधी घ्यायची असते.

तेव्हा आपल्याला विनंती एवढीच की यापुढे एचपीव्हीची बातमी छापाल तेव्हा ती कुठल्या टाइपबद्दल आहे तो नंबर बातमीत द्यावा, जागा कमी असली तरी.

आपली नियमित वाचक,
एक ओरल पॅथॉलॉजिस्ट