एका वासाची दखल घेणाऱ्या केबिन क्रूस आभारपत्र

त्या विमानातील केबिन क्रूच्या सर्व सदस्यांस,

स. न. वि. वि.

विमानातून उतरताना दारापाशी उभ्या असलेल्या आपणां सर्वांना घाईघाईत ‘धन्यवाद’ म्हणून मी पुढे सरकलो; मात्र आपण जे केले त्याच्या मानाने तो शब्द फारच तोकडा होता, म्हणून हे सविस्तर पत्र.

माझ्या आसनाजवळ तापलेल्या प्लॅस्टिकसारखा वास येऊ लागला तेव्हा धूर कुठेच नव्हता आणि शेजारचे प्रवासी गाढ झोपेत होते. मी कॉल बटण दाबल्यावर ज्या ताई आल्या, त्यांनी ‘गॅलीतल्या (विमानातल्या स्वयंपाकघरातल्या) ओव्हनचा वास असेल’ असे सांगून माझी बोळवण केली नाही. वास केव्हापासून येतो, वाढतो आहे का, वरून येतो की पायांकडून, हे त्यांनी विचारले आणि सामानाचा कप्पा उघडण्याआधी त्याच्या झाकणावर, मग बाजूच्या पॅनेलवर, पालथा हात टेकवून कुठे ऊब लागते का ते पाहिले. तोवर दुसरे सहकारी अग्निशामक आणि पाण्याच्या बाटल्या घेऊन येऊन उभे राहिले होते, तर तिसऱ्या सहकारी इंटरफोनवरून, आमच्याकडे नजर ठेवूनच, वैमानिकांना एकेक गोष्ट कळवत होत्या.

त्यानंतरचा प्रश्न मला विशेष वाटला. ‘कोणाचा फोन किंवा पॉवर बँक सापडत नाही का? आसन मागेपुढे करू नका,’ असे आपण आसपासच्या प्रत्येकाला सांगितले. आसनाच्या सांध्यात अडकलेला फोन चिरडला गेला तर त्यातील लिथियम बॅटरी पेट घेऊ शकते, आणि अग्निशामकाने ज्वाळा विझल्या तरी बॅटरीतील उष्णता शेजारच्या सेलला पुन्हा पेटवू शकते, म्हणून ती पाण्याने थंड करावी लागते. त्या बाटल्या कशासाठी होत्या, हे तेव्हा उमगले. सुदैवाने तसे काही नव्हते. आसनाखालचा, आसनांमागचे टीव्हीचे पडदे आणि चार्जिंग यांना वीज पुरवणारा डबा तापला होता. आपण त्या भागाचा वीजपुरवठा बंद केला आणि वास हळूहळू ओसरला. पडदे बंद पडले म्हणून काही जण कुरकुरले, हे मात्र मला आजही पटत नाही.

वासाची एवढी दखल घेणे काहींना अतिरेक वाटले असेल. पण 1983 मध्ये एअर कॅनडाच्या विमानातही सुरुवात एका प्रवाशाला मागच्या बाजूला आलेल्या विचित्र वासानेच झाली होती. स्वच्छतागृहाच्या भागातील ती आग पसरत गेली आणि विमान उतरवूनही 46 पैकी 23 जणांचा जीव गेला. जानेवारी 1989 मधील इंग्लंडमधील केगवर्थच्या अपघाताची बाजू आणखी वेगळी आहे. बिघाड डाव्या इंजिनात होता, वैमानिकांनी उजवे बंद केले आणि ‘उजव्या इंजिनात अडचण आहे’ असे प्रवाशांना सांगितलेही. डावीकडे ठिणग्या पाहिलेली माणसे केबिनमध्ये होती, पण ती विसंगती कॉकपिटपर्यंत पोहोचली नाही आणि 47 जण दगावले. केबिनमधले पाहणे वेळेवर कॉकपिटमध्ये पोहोचावे, यावर क्रूच्या प्रशिक्षणात आज एवढा भर दिला जातो त्यामागे असे अनुभव आहेत. आपल्या सहकाऱ्यांनी इंटरफोनवर ‘वास येतोय’ एवढेच न सांगता ‘अमुक रांग, डावी बाजू, धूर नाही, उष्णता आसनाखाली’ असे सांगितलेले मी स्वतः ऐकले. वैमानिकांना मागे वळून पाहता येत नाही. त्यांना जे दिसते ते आपल्या शब्दांतून.

आम्हाला दुसरीकडे बसवताना आपण ज्या रीतीने वागलात त्याचाही उल्लेख करायला हवा. घाबरलेल्या एका आजोबांशी बोलताना आपल्यातील एक जण मार्गिकेत उकिडवे बसले, त्यांच्या डोळ्यांच्या पातळीवर येऊन काय झाले आणि पुढे काय करणार आहोत हे सांगितले, आणि ‘काही होणार नाही’ असे पोकळ आश्वासन मात्र दिले नाही. रिकाम्या केलेल्या त्या रांगेकडे आपण विमान उतरेपर्यंत पुन्हा पुन्हा येऊन हात लावून पाहत राहिलात. वास गेल्यावर विषय संपला असे आमच्यापैकी बहुतेकांनी मानले होते.

आपल्याला शाबासकी मिळते ती बहुधा हसतमुख स्वागताबद्दल आणि वेळेवर आलेल्या चहाबद्दल. तपासण्या आणि सराव यांत घातलेला वेळ प्रवाशांना एरवी दिसतच नाही. त्या दिवशी तो मला दिसला. या पत्राची एक प्रत मी आपल्या वरिष्ठांकडेही पाठवत आहे. त्यात, पहिल्या हाकेला आलेल्या ताईंनी विचारलेले प्रश्न आणि इंटरफोनवरील सहकाऱ्यांनी दिलेली नेमकी माहिती यांची नोंद त्यांच्या सेवापुस्तिकेत व्हावी, अशी विनंती केली आहे.

आपला ऋणी,
त्या रांगेतील एक प्रवासी