चि. मुक्तास: केबल दांपत्याच्या दाव्याविषयी

सातारा

चि. मुक्ता हिस अनेक आशीर्वाद.

दाव्याच्या मसुद्यात वादीचे नाव, धंदा आणि पत्ता लिहून लिहून कंटाळा आला आणि यात कायदा कुठे आहे असा प्रश्न पडतो, असे तू कळवले आहेस. तू शिकतेस त्या सिडनीतच १७८८ साली चाललेल्या पहिल्या दिवाणी दाव्याची हकीकत त्यावर लिहितो, कारण त्या दाव्यात वादीच्या वर्णनावरच सारे अडले असते.

हेन्री केबल हा इंग्लंडमधल्या सफोक परगण्यातला तरुण. घरफोडीसाठी १७८३ साली थेटफर्डच्या न्यायालयाने त्याला, त्याच्या वडिलांना आणि एका साथीदाराला फाशी सुनावली. ते दोघे फासावर गेले. हेन्रीची शिक्षा कमी होऊन चौदा वर्षांचे काळे पाणी झाले. परंतु अमेरिकेतल्या वसाहती हातच्या गेल्याने कैद्यांना पाठवायला जागा उरली नव्हती, म्हणून तो नॉर्विचच्या किल्ल्यातल्या तुरुंगात वर्षानुवर्षे पडून राहिला. तिथेच सुझॅना होम्स आली. एका घरातून कापड आणि चांदीचे चमचे चोरल्याबद्दल तिलाही आधी फाशी आणि मग चौदा वर्षांची हद्दपारी झाली होती. १७८६ साली तुरुंगातच त्यांना मुलगा झाला. लग्नाची परवानगी हेन्रीने मागितली, पण ती नाकारली गेली.

त्या वर्षाच्या नोव्हेंबरात सुझॅनाला प्लिमथ बंदरातल्या कैद्यांच्या जहाजावर नेण्यात आले, तेव्हा आपल्या कागदावर मुलाचे नाव नाही, एवढ्या कारणाने कप्तानाने तान्ह्या बाळाला घेण्यास नकार दिला. आई जहाजावर, बाप नॉर्विचमध्ये आणि बाळ धक्क्यावर. सोबत आलेला तुरुंगरक्षक जॉन सिम्प्सन मात्र बाळाला तिथे टाकून परतला नाही. मांडीवर बाळ घेऊन त्याने घोडागाडीने लंडन गाठले, गृहमंत्री लॉर्ड सिडनी यांची त्यांच्या घरीच गाठ घेतली, आणि आईबापांना मुलासह एकत्र पाठवण्याचा हुकूम मिळवला. ज्याच्याकडे कैद्यांना कोंडून ठेवण्याचे काम होते, त्या साध्या शिपायाने हे केले, याचे मला फार अप्रूप वाटते. ही बातमी पसरल्यावर मिसेस जॅक्सन नावाच्या बाईंनी वर्गणी काढून वीस पौंडांचे सामान या कुटुंबासाठी घेतले आणि ते सामान ‘अलेक्झांडर’ जहाजावर चढवले गेले.

मे १७८७ मध्ये अकरा जहाजांचा ताफा निघाला आणि पुढच्या जानेवारीत सिडनीच्या खाडीत पोहोचला. १० फेब्रुवारी १७८८ रोजी दोघांचे लग्न लागले. सामानातली काही पुस्तके तेवढी हाती आली, बाकी गाठोडे नाहीसे झाले होते. तेव्हा जुलै महिन्यात या नवराबायकोने ‘अलेक्झांडर’चा कप्तान डंकन सिंक्लेअर याच्यावर दावा लावला.

अडचण अशी, की फाशीची शिक्षा झालेल्या माणसाला इंग्लिश कायद्याने दावा लावण्याचा हक्कच उरत नसे. ती शिक्षा पुढे सौम्य झाली तरी हा डाग पुसला जात नसे. सिंक्लेअरने तेवढा आक्षेप सिद्ध केला असता, तर गाठोड्यापर्यंत विषय गेलाच नसता. दाव्याच्या कागदावर आधी या जोडप्याचे वर्णन ‘या ठिकाणचे नवे वसाहतकार’ असे लिहिलेले होते. ते शब्द खोडले गेले आणि त्यांच्या जागी ‘कैदी’ हा शब्द काही लिहिला गेला नाही. न्यायाधीश डेव्हिड कॉलिन्स यांच्यापुढे दावा चालला आणि केबल दांपत्याला पंधरा पौंड देण्याचा निकाल झाला.

हेन्री पुढे सिडनीचा मुख्य कॉन्स्टेबल झाला आणि जेम्स अंडरवुडसोबत सीलच्या कातड्यांच्या व्यापारात उतरला. या जोडप्याला अकरा मुले झाली. सुझॅना १८२५ साली वारली आणि हेन्री १८४६ साली. त्यांचा उत्कर्ष वाचून मला आनंद होतो, पण एक गोष्ट खटकते. ज्या गडिगल या मूळच्या रहिवाशांच्या भूमीवर हे न्यायालय भरले, त्यांना आपली जमीन गेल्याचे गाऱ्हाणे मांडता येईल अशी वाट मात्र कोणी मोकळी ठेवली नाही. ही हकीकत वर्गात सांगशील तेव्हा हेही सांग.

वर्णनाची जागा कोरी राहिली ती नजरचुकीने, असे मला वाटत नाही. जेमतेम हजारभर माणसांची ती वस्ती होती, कॉलिन्स स्वतः त्याच ताफ्यातून आले होते, आणि समोर उभे असलेले दोघे कोण आहेत हे त्यांना पक्के ठाऊक होते. तुमच्या प्राध्यापकांचे याविषयी काय मत आहे, ते पुढच्या पत्रात सविस्तर कळव.

तुझे
बाबा